सोळावा खेळ : वँडरबिल्ट विद्यापीठातल्या मुलींचं बोलिंग

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरात वँडरबिल्ट विद्यापीठ आहे. स्थापना 1873 ची. श्रीमंत, खाजगी आणि प्रवेश मिळायला अवघड. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांची जी साउथईस्टर्न कॉन्फरन्स (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) आहे, म्हणजे एसईसी, तिचं हे 1932 पासूनचं सभासद. एसईसीमध्ये फुटबॉल (अर्थातच अमेरिकन फुटबॉल) हा जवळजवळ धर्म आहे आणि लाखभर माणसं मावतील अशी स्टेडियम शनिवारी भरून वाहतात. अशा पंगतीत बसूनही 2007 सालापर्यंत वँडरबिल्टच्या नावावर कुठल्याही खेळातलं एकही राष्ट्रीय सांघिक विजेतेपद नव्हतं. पहिलं आलं एप्रिल 2007 मध्ये, फ्लोरिडात, आणि ते आणलं मुलींच्या टेनपिन बोलिंग संघाने. संघाचा तो अवघा तिसरा हंगाम होता.

आपल्याकडे टेनपिन बोलिंग म्हटलं की मॉलमधला वरचा मजला, भाड्याचे बूट आणि वाढदिवसाची पार्टी आठवते. अमेरिकेतही पुष्कळांच्या मनात चित्र फारसं वेगळं नाही. त्यामुळे विद्यापीठात मुलींचा बोलिंग संघ आहे, त्याला शिष्यवृत्त्या आहेत, पूर्ण वेळचा प्रशिक्षक आहे, हे कळलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : हा खरा खेळ नव्हे, कायद्याचे आकडे जुळवायला घेतलेला आहे. मला हे प्रकरण मांडावंसं वाटतं ते या वाक्यामुळे. त्याचा अर्धा भाग खरा आहे. पण कुठले आकडे, ते कुणी घातले आणि नंतर त्या मुलींनी त्याचं काय केलं, हे न बघता ते वाक्य वापरलं जातं, आणि त्यात त्या मुलींवर अन्याय होतो.

कायदा आणि दोन वेगळे हिशेब

1972 साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ हे कलम आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच ते म्हणतं. खेळांचा त्यात उल्लेखही नव्हता. 1979 मध्ये सरकारने खेळांपुरता अर्थ लावून दिला आणि तीन कसोट्या ठेवल्या, पैकी एक पुरी केली तरी चालतं. पहिली कसोटी प्रमाणाची : विद्यार्थ्यांत मुली जितक्या टक्के, खेळाडूंत साधारण तितक्या टक्के. दुसरी, मुलींसाठी संधी सातत्याने वाढवत नेल्याचा इतिहास. तिसरी, मुलींची आवड आणि कुवत यांना पुरेपूर वाव दिलेला असणं.

पहिल्या कसोटीचा घोळ फुटबॉलमुळे होतो. वरच्या स्तरावरच्या फुटबॉल संघाला 2025 पर्यंत 85 शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि संघात शंभराच्या वर मुलं असतात. मुलींच्या बाजूला एवढ्या संख्येचा एकही खेळ नाही. मग तराजू सारखा करायला मुलींचे खेळ वाढवले जातात, किंवा मुलांचे छोटे खेळ बंद होतात. बोलिंगकडे बोट दाखवणारे लोक हाच हिशेब डोक्यात धरून असतात.

पण तो इथे जुळत नाही. बोलिंगच्या संघात आठ-दहा मुली. शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती पाच, त्याही तुकडे करून वाटता येणाऱ्या. शंभर मुलांसमोर दहा मुली ठेवून कुणाचं प्रमाण सुधारणार? ज्यांना खरोखर संख्याच हवी असते ती विद्यापीठं मुलींचं रोइंग सुरू करतात, कारण त्यात वीस शिष्यवृत्त्या आणि त्याहून कितीतरी मोठा ताफा बसतो.

बोलिंगला आत आणणारा आकडा दुसराच आहे, आणि तो माणसांचा नाही, खेळांचा आहे. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात राहायचं तर किमान चौदा खेळ चालवावे लागतात, आणि वरच्या स्तराचं फुटबॉल खेळायचं तर सोळा. त्यातही मुलांचे किमान सहा आणि मुलींचे किमान आठ. आता वँडरबिल्टची यादी बघा. जानेवारी 2006 मध्ये मुलांचा सॉकर संघ बंद झाला आणि मुलांचे खेळ राहिले सहा : फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, गोल्फ, टेनिस, क्रॉस कंट्री. मुलींचे झाले दहा : बास्केटबॉल, सॉकर, लॅक्रॉस, गोल्फ, टेनिस, पोहणं, क्रॉस कंट्री, इनडोअर ट्रॅक, आउटडोअर ट्रॅक आणि बोलिंग. एकूण सोळा. एकही जास्तीचा नाही. यातला बोलिंगचा संघ काढला तर यादी पंधरावर येते आणि एसईसीतल्या फुटबॉलचाच पाया डळमळतो.

म्हणजे मुलींचं बोलिंग फुटबॉलच्या जिवावर जगतं असं जे म्हटलं जातं, ते वँडरबिल्टपुरतं तरी निम्मंच सांगून झालेलं असतं. पैसा फुटबॉलचा, मान्य. पण फुटबॉलला त्या स्तरावर उभं राहायला जे सोळा खांब लागतात, त्यातला एक या आठ-दहा मुलींचा होता. स्वस्तातला खांब : मैदान नको, स्टेडियम नको, संघ एका गाडीत मावतो. त्या स्वस्ताईमुळेच तो निवडला जातो हेही उघड आहे.

आधी कोण होतं

वँडरबिल्टची गोष्ट सांगताना एक मोठी चूक हमखास होते. जणू श्रीमंत विद्यापीठांनी हा खेळ शोधून काढला. तसं नाही. या खेळाला महाविद्यालयीन दर्जा मिळवून देण्यात पुढे होती ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं, म्हणजे वंशभेदाच्या काळात काळ्या विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्था. 1994 मध्ये एनसीएएने मुलींच्या ‘उदयोन्मुख’ खेळांची यादी केली, तिच्यात बोलिंग होतं. अशा खेळाला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा हवी तर किमान चाळीस संस्थांनी तो चालवला पाहिजे, असा नियम. या विद्यापीठांची एमईएसी नावाची कॉन्फरन्स आहे. तिने 1996-97 च्या हंगामाआधी मुलींचं बोलिंग अधिकृत खेळ म्हणून स्वीकारलं, आणि असं करणारी ती पहिली कॉन्फरन्स ठरली. चाळीसचा आकडा गाठायला ज्यांची मदत झाली त्यांत या संस्था ठळक आहेत. 2003-04 पासून खेळाला पूर्ण दर्जा मिळाला आणि एप्रिल 2004 मध्ये ह्यूस्टनला पहिलं अजिंक्यपद झालं. ते नेब्रास्काने जिंकलं. तिथे बिल स्ट्रॉब यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून संघ घडवत आणला होता.

मेरीलँडमधल्या प्रिन्सेस ॲन या छोट्या गावातल्या मेरीलँड ईस्टर्न शोअर विद्यापीठाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ही अशीच एक कृष्णवर्णीय संस्था. तिने 2008, 2011 आणि 2012 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. 2008 चं विजेतेपद हे कुठल्याही कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या मुलींच्या संघाने मिळवलेलं एनसीएएचं पहिलं विजेतेपद. आणि या विद्यापीठात फुटबॉल संघच नाही! मग तिथे बोलिंग कुणाचा तराजू सारखा करत होतं? कमी पैशात, कमी जागेत राष्ट्रीय दर्जाचा खेळ उभा करता येतो, हे त्यांना आधी दिसलं, इतकी ती सरळ गोष्ट आहे.

2007 च्या अंतिम सामन्यात वँडरबिल्टसमोर हाच संघ होता.

लेनवर काय चालतं

हा सामना समजायला खेळाची रीत थोडी नीट बघायला हवी. ती मॉलमधल्या खेळाहून फार वेगळी आहे.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत साठ फूट. लेन एकोणचाळीस फळ्यांची, साडेतीन फुटांच्या आतबाहेर रुंद. तिच्या पुढच्या मोठ्या भागावर तेलाचा थर असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हौशी गिऱ्हाइकांसाठी मध्ये जास्त आणि कडेला कमी तेल देतात. त्यामुळे चुकलेला बॉलही आपसूक मध्ये वळतो आणि माणूस खूश होतो. स्पर्धेत थर बराच सपाट असतो. तिथे एक-दोन फळ्यांची चूकही माफ होत नाही. शिवाय प्रत्येक बॉल जाताना थोडं तेल उचलून नेतो, थोडं पुढे ढकलतो. सकाळी नऊला जी रेघ चालत होती ती अकराला चालत नाही. खेळाडू उभं राहण्याची जागा दोन फळ्या सरकवते, बॉल बदलते, मधल्या सरावाच्या वेळेत पॅड घेऊन बॉलचा पृष्ठभाग खरखरीत किंवा गुळगुळीत करून घेते. प्रत्येकीच्या बॅगेत चारपाच बॉल असतात, आणि त्यात एक प्लॅस्टिकचा, सरळ जाणारा, फक्त उरलेली पिन पाडायला.

महाविद्यालयीन सामन्यांचा प्राण म्हणजे बेकर पद्धत. दहा फ्रेमचा (एक फ्रेम म्हणजे दहा पिना पाडायची एक पाळी, त्यात जास्तीत जास्त दोन बॉल) एकच गेम पाच जणी मिळून खेळतात. पहिली खेळाडू पहिली आणि सहावी फ्रेम टाकते, दुसरी दुसरी आणि सातवी, असं करत पाचवीकडे पाचवी आणि दहावी येते. तिला अँकर म्हणतात. आता बोलिंगमध्ये स्ट्राइकचे, म्हणजे पहिल्याच बॉलने दहाही पिना पाडल्याचे, जादा गुण पुढच्या दोन बॉलवर ठरतात. म्हणजे तिसरीने स्ट्राइक मारला तर त्याची किंमत चौथीच्या हातात. चौथीने एक पिन उभी ठेवली आणि पुढच्या बॉलने तीही पाडली नाही, तर नुकसान दोघींच्या फ्रेमचं. एकटीने चमकून भागत नाही. आणि दोन फ्रेमच्या मध्ये चार जणींची पाळी होईपर्यंत थांबायचं असतं. हात थंड होतो, मन भरकटतं, आणि तेवढ्यात तेल बदललेलं असतं. ज्या चार जणी टाकत नसतात त्या गप्प बसत नाहीत. बॉल कुठे पडला, कुठून वळला, पिनांवर कसा आदळला हे पुढचीला सांगत राहतात. माझ्या मते या संघांचं खरं कसब याच बोलण्यात आहे, आणि बघायला आलेल्या माणसाला नेमकं तेच दिसत नाही.

अंतिम सामना असतो सात बेकर गेमचा, चार जिंकेल तो विजेता. 2007 चा सामना सातव्या गेमपर्यंत गेला आणि वँडरबिल्टने तो 4-3 ने घेतला. स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली जोसी अर्नेस्ट, इलिनॉयमधल्या व्हँडेलिया गावातून आलेली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. इलिनॉय, मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क अशा राज्यांत मुलींचं बोलिंग हायस्कूलचा रीतसर खेळ आहे. गावातल्या बोलिंग सेंटरवर आईवडलांच्या लीगबरोबर वाढलेल्या मुलींना तोवर वँडरबिल्टसारख्या विद्यापीठाचं दार खेळाच्या जोरावर उघडेल असं कुणी सांगितलं नव्हतं. पुढे जोसी बार्न्स या नावाने तिने 2021 मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकलं, व्यावसायिक बोलिंगमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक. आणि ती वँडरबिल्टमध्येच प्रशिक्षक म्हणून परतली.

विद्यापीठाने काय केलं

वँडरबिल्टमध्ये संघ सुरू झाला 2004-05 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर 2003 मध्ये, कुलपती गॉर्डन गी यांनी विद्यापीठाचा स्वतंत्र क्रीडा विभागच मोडीत काढून तो विद्यार्थी जीवनाच्या विभागात मिसळला होता. देशभर गाजलेला निर्णय. खेळाडू आधी विद्यार्थी असतील, खेळ हा विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचा वेगळा संसार असणार नाही, अशी त्यांची भूमिका. पुष्कळांनी तेव्हा हसून घेतलं, एसईसीत आता वँडरबिल्ट संपलं असं म्हणाले. बोलिंग त्या वातावरणात सुरू झालं हा योगायोग असेल, पण त्याचा फायदा झाला असं मला वाटतं. ज्या व्यवस्थेत फुटबॉलचा प्रशिक्षक सम्राट नसतो तिथे छोट्या खेळाला श्वास घ्यायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट सातत्याची. पहिल्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक जॉन विल्यमसन, आणि 2007, 2018 आणि 2023 ही तिन्ही विजेतेपदं त्यांच्याच हाताखाली. मधली अकरा वर्षं विजेतेपदाविना गेली तरी विद्यापीठाने माणूस बदलला नाही आणि संघ गुंडाळला नाही. बड्या खेळांत तीन वर्षं कुणी थांबत नाही.

2025 पर्यंत वँडरबिल्टची राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं एकूण सहा. बेसबॉलची दोन (2014 आणि 2019), मुलींच्या टेनिसचं एक (2015) आणि बोलिंगची तीन. विद्यापीठाच्या इतिहासातल्या सहापैकी तीन विजेतेपदं आठ-दहा मुलींच्या संघाने, आणि तीही फुटबॉलच्या तुलनेत चिल्लर वाटावी अशा खर्चात.

तरीही घरच्या पंगतीत जागा नाही. एसईसी बोलिंग चालवत नाही आणि तिच्यातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात हा संघ नाही. म्हणून वँडरबिल्टच्या मुली आधी साउथलँड बोलिंग लीगमध्ये आणि 2023 मध्ये ती लीग विलीन झाल्यापासून कॉन्फरन्स यूएसएमध्ये खेळतात. एकाच शाळेचा गणवेश, पण बाकी संघ ज्या झेंड्याखाली खेळतात त्याखाली या नाहीत.

खेळाची कच्ची बाजू

जे खटकतं तेही लिहायला हवं. एनसीएएमध्ये मुलांचं बोलिंग नाही. मुलांचे संघ बोलिंगच्या स्वतःच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत खेळतात, बहुतेक ठिकाणी क्लब म्हणून. त्यांची तक्रार रास्त आहे. फक्त ती मुलींच्या संघाविरुद्ध नसावी. विद्यापीठं पैसा कुठे घालतात त्याविरुद्ध असावी. मुलांचा सॉकर संघ मुलींनी बंद केला नव्हता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हा खेळ प्रशिक्षकावर फार टेकलेला आहे. शॅनन ओ’कीफ या नामांकित व्यावसायिक खेळाडूने इलिनॉयमधल्या मॅकेंड्री या छोट्या, दुसऱ्या विभागातल्या विद्यापीठाला 2017 आणि 2022 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. इथे तिन्ही विभागांचं अजिंक्यपद एकच असतं, त्यामुळे छोट्या विद्यापीठाने बड्यांना हरवणं शक्य होतं, आणि हे मला या खेळाचं मोठं वैभव वाटतं. पण 2023 मध्ये त्या अलाबामातल्या जॅक्सनव्हिल स्टेटला गेल्या. तिथे संघच नव्हता, तो नव्याने उभा केला, आणि पहिल्याच हंगामात, 2024 मध्ये, जॅक्सनव्हिल स्टेट राष्ट्रीय विजेता झालं. खेळाडूंचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण एका प्रशिक्षकाच्या जाण्यायेण्याने देशाचा नकाशा बदलत असेल तर पाया अजून उथळ आहे, आणि जे एका वर्षात उभं राहतं ते एका वर्षात बंदही करता येतं, हे कुठल्याही विद्यापीठाच्या हिशेबनिसाला कळतं.

संस्थांची संख्या मात्र वाढते आहे. अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा चाळीसच्या पुढे जेमतेम होती, आज त्याच्या दुपटीहून जास्त आहे. 2025 चं विजेतेपद ओहायोतल्या यंग्जटाउन स्टेटकडे गेलं. वीस वर्षांत विजेत्यांच्या यादीत बलाढ्य नेब्रास्का आहे, तसंच न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन आहे, टेक्ससमधली सॅम ह्यूस्टन स्टेट आणि स्टीफन एफ. ऑस्टिन आहेत. फुटबॉलमध्ये अशी यादी स्वप्नातही दिसणार नाही.

आता प्रश्न कुठे येऊन ठेपला आहे

जून 2025 मध्ये अमेरिकन न्यायालयाने ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. तेव्हापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, आणि शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादेच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. कागदावर ही बोलिंगसाठी चांगली बातमी आहे : पाच शिष्यवृत्त्यांचं कुंपण गेलं, संघातल्या प्रत्येकीला पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. व्यवहारात तो नवा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे वळतो आहे, आणि तो कुठून तरी काढावा लागणार आहे.

त्याच सुमारास वँडरबिल्टमध्ये आणखी एक बदल झाला. 2025 मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ पुन्हा मैदानात उतरला, 1980 नंतर पहिल्यांदा. चांगली गोष्ट आहे, मुलींना आणखी एक खेळ मिळाला. पण त्याने यादी सोळाची सतरा झाली. बोलिंगला इतकी वर्षं ज्या आकड्याचं कवच होतं, ते आता राहिलेलं नाही. उद्या कुणी ठरवलं तर नियमाला धक्का न लावता हा संघ बंद करता येईल.

असं होईल असं मी म्हणत नाही. तसं काही ठरल्याचं कुठे आलेलंही नाही. पण या संघाकडे बघण्याची पद्धत आता बदलायला हवी. आतापर्यंत विद्यापीठाला ‘हा खेळ का ठेवला आहे?’ याचं उत्तर नियमावलीत सापडत होतं. यापुढे ते उत्तर विद्यापीठाने स्वतःच्या शब्दांत, जाहीरपणे द्यायला हवं, आणि देताना आपल्या सहा विजेतेपदांची यादी समोर ठेवावी. संघातल्या प्रत्येकीला पूर्ण शिष्यवृत्ती देणं आता नियमात बसतं, आणि त्याचा खर्च फुटबॉलच्या एखाद्या सहायक प्रशिक्षकाच्या पगाराच्या आसपास असेल. वँडरबिल्टने तो करावा. येत्या हंगामांत तो केला जातो की नाही, यावरून त्या मुलींना विद्यापीठ काय समजतं हे कळेल.